एक ठिपका, दोन ठिपके

माझं डोकं तापट हाय, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी म्हणायला नको, की उदयसिंहानं स्वतःचं ठेवलं झाकून आणि दुसऱ्याचं बघितलं वाकून. शिवाजी पेठेत माझ्याबद्दल म्हणतात, ह्या माणसाचा जाळ आणि धूर संगटच निघतो. खरं हाय ते. पण परवाच्या शुक्रवारी सकाळी जे झालं, त्यानं जाळबी विझला आणि धूरबी. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, स्वतःच्या दारात, स्वतःच्या गाडीखाली उताणा पडून, तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

गाडी म्हंजे कॅडिलॅक. पंचावन्न सालची. माझ्या वडलांची लाकडाची वखार होती आणि त्यांचे दोस्त म्हंजे जय्याचे वडील, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. चौसष्ट साली दोघं मिळून मुंबईला गेलते. कुठल्याशा वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. येताना एकानं कॅडिलॅक आणली, दुसऱ्यानं ब्युइक. दोन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या घरातल्या, चुलत बहिणीच म्हणा. स्टिअरिंग डावीकडं, क्लच न्हाईच, आणि लांबी एवढी की आमच्या बोळात वळवायची म्हटली की शेजारी आपापल्या सायकली आत घ्यायचे.

जय्या म्हंजे मृत्युंजय. लिंगायत गडी, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. वडील गेले, गाड्या आमच्याकडं आल्या, आणि तिथनं ईर्ष्या सुरू झाली. कोल्हापूरच्या माणसाला ईर्ष्या शिकवावी लागत न्हाय. फुटबॉलला ईर्ष्या, कुस्तीला ईर्ष्या, म्हशी पळवायला ईर्ष्या. आम्ही दोघं दोन गाड्यांवर चाळीस वर्षं भांडलो.

माझं म्हणणं एकच. गाडी म्हंजे बसणाऱ्याचं सुख. माझ्या कॅडिलॅकमध्ये डॅशबोर्डवर दुधाचा पेला काठोकाठ भरून ठेवायचो आणि रंकाळ्यापासून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जायचो. चमचाभर सांडलं तर सांडलं. खड्डा आला तर तो खड्ड्याला कळायचा, आपल्याला न्हाय. आता वर्षातनं तीन-चारदा ती रस्त्यात रुसायची, पण मी म्हणायचो, राणी हाय, रुसणारच की.

जय्या म्हणायचा, "सुख घरात भोगायचं. गाडीनं पोचवायला पायजे. माझ्या ब्युइकचं बॉनेट त्र्याऐंशी सालापासनं रस्त्यात उघडलेलं न्हाय. एका किल्लीत चालू." तेही खरं होतं. पण तिच्यात बसलेला माणूस उतरताना कमरेला हात लावूनच उतरायचा. मी त्याला तोंडावर म्हणायचो, "जय्या, तुझी गाडी न्हाय, खडी फोडायचं मशीन हाय."

आणि गंमत बघा, एवढं भांडून मी कधी त्याच्या गाडीत बसलो न्हाय आणि तो माझ्या. मरंन पण बसणार न्हाय, अशी पैज होती. मी माझी चालवायचो, तो त्याची. दसऱ्याला दोन्ही गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून तालमीसमोर उभ्या करायच्या आणि अख्ख्या पेठेनं उभं राहून वाद घालायचा. ज्याची गाडी दसऱ्याला दिसली न्हाय, त्याचं नाक कापलं.

दोन्ही गाड्यांचा मिस्त्री मात्र एकच. गणपतराव. कोल्हापुरात ह्या गाड्यांना हात लावणारा दुसरा होताच कोण? हे नाव ध्यानात ठेवा.

सहा वर्षांपूर्वी जय्याच्या पोरीचं, रक्षिताचं, लग्न ठरलं. मुलगा मलकापूरचा, लग्न त्यांच्याच दारात. मी हट्ट धरला, की नवरी माझ्याच गाडीतनं जाणार. पोरीनं त्या ब्युइकमध्ये आदळत-आपटत का जावं? पोरीची आई, चन्नम्मावैनी, म्हणाल्या, "जाऊ दे की, काकांची हौस हाय." निघालो. बांबवड्याच्या पुढं गेलो, आणि गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. नवरी शालू नेसून उन्हात रस्त्याकडेला उभी. मी बॉनेटमध्ये डोकं घालून. मागनं जय्या ब्युइक घेऊन आला, पोरीला बसवलं आणि नेलं. मुहूर्त वीस मिनिटांनी टळला.

मी मागाहून ट्रॅक्टरला बांधून मांडवात पोचलो, तर अख्ख्या वऱ्हाडासमोर जय्या म्हणाला, "उदया, तुझी गाडी म्हंजे नुसती गादी. गादी घरात टाकावी, रस्त्यावर आणू नये."

माणसं हसली. माझ्या डोक्यात असली तिडीक गेली म्हणता! मी म्हटलं, "आणि तू तुझ्या गाडीसारखाच. कडक. आत माया म्हणून न्हाय." अक्षता टाकल्या न्हाईत, जेवलो न्हाय, तसाच निघालो. त्या दिवसापासनं बोलणं बंद.

तो तीनदा माझ्या दारात आला. तिन्ही वेळा मी आतनं ओरडलो, "उदयसिंह घरात न्हाय म्हणून सांगा!" माझा आवाज पेठेच्या टोकापर्यंत जातो. त्याला कळलं असणारच. चौथ्यांदा तो आला न्हाय.

त्यानंतर चन्नम्मावैनी अंबाबाईला चालत जायला लागल्या. काठी टेकत, गुडघे धरत, मध्ये दोनदा थांबत. आधी ब्युइकमधनं जायच्या. मी देवळाजवळच्या कट्ट्यावर बसून म्हणायचो, "बघा! सख्खी बायकोसुद्धा त्या गाडीत बसंना झाली." चार माणसं हसायची आणि मला बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी वैनी गेल्या. मी गेलतो, पण मागं उभा राहिलो आणि मागनंच परत आलो. जय्यासमोर गेलो न्हाय.

आणि मागच्या आठवड्यात कळलं, की जय्या कायमचा चाललाय. रक्षिता आता नवऱ्यासंगट बेंगळुरूला असते, ती न्यायला आली होती. एकट्या बापाला किती दिवस ठेवणार? ब्युइक पुण्याच्या एका गाड्या जमवणाऱ्याला देणार. रविवारी गाडी जाणार, रविवारीच जय्या जाणार.

बायकोला मी म्हटलं, "जाऊ दे. जाताना एकदा कबूल करून जायला पायजे होतं, की कॅडिलॅक भारी म्हणून."

वर्षाराणी म्हणाली, "तुम्हांला गाडीचं पडलंय व्हय? खरं सांगा."

मी सांगितलं न्हाय. खरं म्हंजे तो चाललाय हेच पचत नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांचा दोस्त, आणि आता रविवारनंतर भांडायलासुद्धा कोल्हापुरात असणार न्हाय. पण पाय उचलत नव्हता. ईर्ष्या बरी, पण हा माज होता. आज कळतंय.

तर शुक्रवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आतनं गणपतराव मिस्त्री उतरले. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यात फूल पडलेलं, गॅरेज बंद करूनसुद्धा चार वर्षं झालेली. हातात पान्यांची पिशवी आणि बॅटरी.

"मालक, गाडी जॅकवर घ्या."

"का? काय झालंय?"

"घ्या तर. सांगतो."

मला वाटलं, म्हातारा भ्रमलाय. पण चाळीस वर्षांत ह्या माणसानं उगीच पाना उचललेला मी बघितला नव्हता. गाडी उचलली. त्यांनी खाली पोतं अंथरलं आणि म्हणाले, "आत या." मी आत गेलो. ते गुडघ्यावर बसून वाकले आणि पुढच्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर बॅटरी मारली. कापडानं वंगण पुसलं.

"हितं बोट लावा. काय लागतंय?"

दोन ठिपके. पंच ठेवून हातोडीनं मारलेले, शेजारी शेजारी.

"आता ह्या शॉकअपवर बघा."

तिथंबी दोन ठिपके. दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगवर दोन. मागच्या शॉकअपवर दोन.

"मी पार्ट काढला की त्यावर खूण करतो," गणपतराव म्हणाले. "एक ठिपका म्हंजे तुमच्या गाडीचा. दोन ठिपकं म्हंजे जय्यामालकांच्या."

मी आधी हसलो. म्हटलं, "म्हंजे चुकून मारलासा काय?"

"न्हाय मालक. ह्या स्प्रिंगा ब्युइकच्या हाईत. त्र्याऐंशी सालापासनं."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. मी तर पाठीवर पडलो होतो, मला अख्खी जमीनच सरकल्यासारखं वाटलं. माझी कॅडिलॅक! लोण्यासारखी पळणारी! चाळीस वर्षं ज्या मऊपणाच्या जोरावर मी त्या माणसाला खडी फोडायचं मशीन म्हणून हिणवलं, त्या स्प्रिंगा त्याच्याच?

"बाहेर काढा मला," मी म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि ते सांगायला लागले. मान खाली घालून, माझ्याकडं न बघता.

"रविवारी ब्युइक पुण्याला गेली की ह्ये सांगायचं राहूनच जाईल, म्हणून आलो. त्र्याऐंशीचा दसरा. आठ दिवस उरलंतं. पन्हाळ्यावरनं येताना तुमची पुढची स्प्रिंग तुटली. तुम्ही माझ्या कानात सांगिटलं, काय बी करा, दसऱ्याला गाडी दारात पायजे, आणि जय्याला कळता कामा नये. आठवतंय?"

आठवत होतं.

"त्याच आठवड्यात जय्यामालकांच्या इंजिनाचा, पेट्रोल ओढायचा पंप गेलता, कार्बुरेटरबी. त्येंनीबी गाडी मागच्या दारानं आणून लावली. म्हणालं, काय बी करा, पण उदयाला कळता कामा नये. आता मी पार्ट कुठनं आणणार? परदेशी पार्ट तवा बघायलासुद्धा मिळत न्हवता. मुंबईच्या जुन्या बाजारात दोनदा जाऊन आलो, हात हलवत परत. माझ्यापुढं दोन गाड्या उभ्या. एकीला स्प्रिंग न्हाय, दुसरीला पंप न्हाय. मी त्येंच्या स्प्रिंगा तुम्हांला बसवल्या आणि तुमचा पंप त्येंना."

"आणि त्याच्या गाडीला स्प्रिंगा?"

"उद्यमनगरातल्या कारखान्यात ट्रकच्या पोलादाच्या वळवून घेतल्या. दणकट झाल्या, पण मऊ न्हाय झाल्या. आणि त्येंचा जुना पंप दुरुस्त करून तुम्हांला लावला. दसरा झाला की ज्याचं त्याला परत करणार हुतो, आईची आण. म्हणून तर ठिपकं मारलं. पण दसरा झाला आणि तुम्ही येऊन माझ्या पाठीवर थाप मारलीसा. म्हणालासा, गणपतराव, गाडी कसली लोण्यावाणी पळालीया! तासाभरानं जय्यामालक आलं. म्हणालं, मिस्त्री, इंजिन कसलं गोड चालालंय! आता काढू कसं, तुम्हीच सांगा."

मी बोटाला लागलेलं वंगण पायरीला पुसलं.

"पुढं दर दोन-चार वर्षांनी तसंच. दसरा आला की तुम्ही दोघं चोरून यायचा. तुमचा स्टार्टर त्येंच्यात गेला. डायनॅमो गेला. डिस्ट्रिब्युटर. रेडिएटर. त्येंचं शॉकअप तुमच्यात आलं. मऊ म्हणून तुम्हांला जे हवं ते तुमच्याकडं, आणि चालणारं म्हणून त्येंना जे हवं ते त्येंच्याकडं."

म्हंजे बघा की! जय्या ज्या भरवशाच्या गमजा मारायचा, तो भरवसा माझ्या गाडीचा. मी ज्या सुखाच्या मारायचो, ते त्याच्या गाडीचं. चाळीस वर्षं आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं केलं आणि बाळ्याच दुसऱ्याचा निघाला.

मग एकदम डोक्यात आलं. "गणपतराव, बांबवड्याला गाडी कशानं बंद पडलीती?"

ते पिशवीतले पाने मोजायला लागले.

"बोला की!"

"पंप. जय्यामालकांचाच जुना पंप."

आता मात्र मी उठलो. जाळ पेटला. सहा वर्षं! ज्या पंपापायी त्या माणसानं मला वऱ्हाडासमोर नागवं केलं, तो पंप त्याचा! आणि ज्या ब्युइकनं पोरीला मांडवात पोचवलं, तिच्यात माझा! "काढा!" मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता काढा त्या स्प्रिंगा. त्याच्या दारात नेऊन टाकतो. उदयसिंह कुणाच्या उपकारावर चालत न्हाय. उचला पाना!"

गणपतरावांनी पाना उचलला न्हाय. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडं बघितलं.

"अगदी असंच म्हणणार, असं जय्यामालक म्हणालं हुतं."

"कधी?"

"सहा वर्षांमागं. लगीन झालं आणि मला ऱ्हावलं न्हाय. दुसऱ्या दिवशी जाऊन त्येंना समदं सांगिटलं. तुमचं बोलणं तुटलं ते माझ्यापायी, म्हटलं."

"त्याला ठाऊक हाय? सहा वर्षं?"

"व्हय. मी म्हटलं, ज्याचं त्याला परत करतो. ते म्हणालं, हात लावायचा न्हाय आणि उदयाला सांगायचं न्हाय. त्याला कळलं की तो रागाच्या भरात त्याच दिवशी स्प्रिंगा उपटून माझ्या दारात आणून टाकंल. आणि वर्षावैनींचा मणका हाय. त्या दुसऱ्या कुठल्या गाडीत बसतील?"

आठ वर्षांपूर्वी वर्षाराणीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. रिक्षात बसवली तर तीन दिवस अंथरुणातनं उठत न्हाय. भाच्याची नवीन गाडी बघितली, तिच्यातबी कळवळली. फक्त कॅडिलॅकमध्ये ती बसू शकते. दवाखान्याला, माहेराला, देवाला, कुठंबी जायचं तर त्याच गाडीतनं.

मी मागं वळून बघितलं. वर्षाराणी दारात उभी होती. कमरेचा पट्टा बांधलेला, हातात माझ्या चहाचा कप. सगळं ऐकलं होतं तिनं.

ती मला म्हणाली, "तीनदा आलते ना ते? ह्या दारात?" आणि कप तसाच कट्ट्यावर ठेवून गाडीपाशी येऊन उभी राहिली. "जॅक काढा. चला."

मी गाडी काढली. वर्षाराणी मागं, गणपतराव माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. जय्याचं घर लक्ष्मीपुरीत. सकाळची वेळ, रस्त्यात ही गर्दी. बिनखांबी गणपतीच्या चौकात आलो, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद.

"आयला, आजच?" मी स्टिअरिंगवर हात आपटला. मागं रिक्षा, पुढं रिक्षा, हॉर्नचा नुसता कालवा. "काका, म्युझियममध्ये लावा की!" कोणतरी ओरडलं. मी खाली उतरलो, त्याच्या बापाचा उद्धार करणार, तेवढ्यात समोरनं एक हॉर्न वाजला. जाड, दोन सुरांचा. तो हॉर्न मी झोपेतसुद्धा ओळखीन.

ब्युइक. हिरवी, पुसून लख्ख केलेली. जय्या चालवत होता, शेजारी रक्षिता. त्यानं गाडी तिथंच चौकात मधोमध उभी केली आणि उतरला. किती वाळला होता! शर्टात दुसरा जय्या बसंल एवढा. काठी टेकत माझ्या बॉनेटपाशी आला. सहा वर्षांनी त्याचं तोंड एवढ्या जवळनं बघत होतो. मला वाटलं, आता हा म्हणणार, गादी रस्त्यावर आणलीस व्हय.

जय्यानं आत बसलेल्या गणपतरावांकडं बघितलं, मग म्हणाला, "पंप ना? माझाच हाय तो. माफ कर, उदया."

मी ओरडलो. मला दुसरं येतंय काय? "सहा वर्षं गप बसलास! मी तुला काय काय बोललो! एकदा येऊन माझ्या थोबाडीत मारायची होतीस की रं!"

"दार उघडलं असतंस तर मारली असती," तो म्हणाला.

मी रडायला लागलो. भर चौकात, रिक्षावाल्यांच्या समोर. लाज वाटली न्हाय.

"कुठं निघालतास?" मी विचारलं.

"तुझ्याकडंच. पुण्याच्या माणसाला न्हाय म्हणून सांगितलं. निम्मी गाडी तुझी हाय, ती मी विकू कशी? तुझ्या दारात लावणार होतो. आजबी तू घरात नसतास, तर किल्ली कडीला अडकवून गेलो असतो."

रक्षिता माझ्या पाया पडली. "काका, अप्पा चार दिवस झाले गाडी पुसालेत," ती म्हणाली. माझ्याच्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवण्यापलीकडं काही झालं न्हाय.

ब्युइकच्या डिकीत दोर होता. जय्यानं ती चौकातच वळवली, चारदा मागं-पुढं करून, अख्ख्या चौकाच्या शिव्या खात. दोर बांधला. "ब्रेकवर पाय ठेव," मला म्हणाला. "ब्रेक तरी तुझेच हाईत ना?"

मी गणपतरावांकडं बघितलं. त्यांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. "ब्रेकचं तेवढं आता विचारू नगा," ते पुटपुटले. जय्या हसला, मग मी हसलो, आणि अशी आमची वरात निघाली. पुढं ब्युइक, मागं कॅडिलॅक. हात खिडकीबाहेर काढून जय्या मला सावकाश-सावकाश करत होता, पोरपणी सायकलवरनं करायचा तसाच.

दारात आलो. दोन्ही गाड्या एकापुढं एक लागल्या. गणपतरावांनी पिशवी उघडली. "आता सांगा. कुणाचं कुणाला परत करू?"

"थांबा," मी म्हटलं. "आधी ह्याला बसवतो." मी कॅडिलॅकचं मागचं दार उघडलं. "बस जय्या. पैज गेली खड्ड्यात. तुझ्याच स्प्रिंगा हाईत, एकदा बसून तरी बघ."

तो आधी थबकला. मग वर्षाराणीच्या शेजारी आत बसला. दोन्ही हात सीटवर दाबून एकदा हलला, परत एकदा हलला. गाडी हळूच खाली गेली आणि वर आली. जय्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा कबूल करणार. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आता ऐकायला मिळणार.

"चन्नीला एकदा बसवायला पायजे होतं ह्यात," तो म्हणाला.

वर्षाराणीनं त्याच्याकडं वळून बघितलं.

"तिचे गुडघे, तिची कंबर. आमच्या गाडीत बसली की रडायची बिचारी. मी म्हणायचो, भरवशाची हाय, सोस. मिस्त्री सगळं सांगून गेले, त्या दिवशी मी तिला म्हटलं, आपल्या स्प्रिंगा परत आणू, तुला आराम पडंल." त्यानं सीटवरचा हात उचलला न्हाय. "ती म्हणाली, राहू दे. वर्षाचा मणका हाय. मला काय, मी चालत जाईन."

ती काठी, ते गुडघे धरून मध्ये थांबणं, आणि कट्ट्यावर बसून दात काढणारा मी. चार वर्षं मी ते बघून हसलो होतो.

वर्षाराणीनं तोंडाला पदर लावला. मग ती दार उघडून खाली उतरली. मी धरायला गेलो, तर तिनं माझा हात बाजूला केला. एका हातानं कंबर धरून ती ब्युइकपाशी गेली, मागचं दार उघडलं आणि त्या कडक सीटवर, चन्नम्मावैनी बसायच्या त्या बाजूला, जाऊन बसली. आम्ही सगळे म्हणत होतो, वर्षा, उतर, त्रास होईल. ती बराच वेळ उतरली न्हाय.